नऊ मजले आणि एक फतवा

व्यापार खात्याची लिफ्ट बंद पडली, तेव्हा मिस्त्रीने कप्पा उघडून जळालेलं सर्किट कार्ड बाहेर काढलं. बावीस वर्षं तो ही लिफ्ट सांभाळत होता. कार्ड परदेशातून यायचं, पूर्वी आठवड्यात हातात पडायचं. पण महिन्याभरापूर्वी याच खात्याने फतवा काढला होता : देशातला पैसा देशातच राहावा, म्हणून बाहेरून काही आणायचं तर आधी त्याच्या दुप्पट किमतीचा माल बाहेर विकून दाखवा. आणि नियम लागूही दुसऱ्याच दिवसापासून.

सवलत द्यायचा अधिकार नवव्या मजल्यावरच्या बाईंना. फतवा लिहिलाही त्यांनीच. मिस्त्री धापा टाकत पोचला, तर बाई गुडघा शेकत बसलेल्या.

"आपल्याच खात्याला सवलत दिली तर लोक काय म्हणतील? कार्ड इथलंच बसवा की," बाई म्हणाल्या.

"इथे कोण बनवतं, बाई?"

"कारखाना उभा राहतोय."

"चालू कधी होणार?"

"यंत्रं बाहेरून आली की."

मिस्त्रीने खाली मान घालून हसू गिळलं. पोटापाण्याचा प्रश्न होता.

मग त्यानेच तोडगा काढला. खात्याच्या गोदामात पितळी कड्यांचा ढीग धूळ खात पडला होता. तो कार्डवाल्या कंपनीलाच विकू. बाईंनी लगेच पत्र धाडलं. आठ दिवसांनी उत्तर आलं : 'कड्या छान आहेत. पण तुमचं पाहून आमच्या सरकारनेही तोच नियम केलाय. आधी तुम्ही आमचा दुप्पट माल घ्या.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "सगळ्यांना विकायचंच आहे. मग घेणार कोण?"

"फतवा मागे घ्या ना, बाई."

"मंत्र्यांची सही लागते. आणि लिफ्ट बंद पडल्यापासून ते फिरकलेच नाहीत."

शेवटी गुडघ्यांनी निकाल लावला. बाईंनी आपलं दप्तर तळमजल्यावर, जिन्याखालच्या मिस्त्रीच्या खोलीत हलवलं आणि मिस्त्रीची रवानगी नवव्या मजल्यावर झाली.

पहिल्या दिवशी त्याने खिडकीतून खाली पाहिलं. सवलतीसाठी रांग लागली होती : चष्मेवाले, पंपवाले, दवाखान्यातला एक्स-रेवाला, शिलाई मशीनच्या सुयांसाठी शिंप्यांचा घोळकाच. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती. त्याला जरा वाईट वाटलं. मग त्याने बूट काढले, बाईंच्या गुबगुबीत खुर्चीत पाय पसरले आणि डोळे मिटले. हाक मारायला नऊ मजले कोण चढणार होतं?