गारांच्या रात्रीची निगेटिव्ह

मधुकरराव लांजेवार शाळेत चित्रकला शिकवत आणि शाळेच्याच गच्चीवर आकाशाचे फोटो काढत. पहिलं काम त्यांना जमत नाही असं मुलं म्हणत. दुसरं जमत नाही असं शाळेची कमिटी म्हणे. मुलांचं कोणी ऐकत नसे. कमिटीचं ऐकावं लागे.

१९७८ च्या मार्चात कमिटीचे सेक्रेटरी भैय्याजी स्वतः जिने चढून गच्चीवर आले. धापा टाकत त्यांनी दुर्बिणीला एक प्रदक्षिणा घातली आणि मग तिच्या खांबाला हात लावला.

"हे काढा, मास्तर. इथं पाण्याची टाकी येऊन राहिली."

मधुकरराव खांबासमोर आडवे उभे राहिले. काढा म्हणे! तो खांब त्यांनी गच्चीत सिमेंट ओतून रोवला होता, ध्रुवताऱ्याकडे नेमकं तोंड करून. तेवढं तोंड फिरवायलाच आठ महिने गेले होते. दुर्बिणीचा आरसा त्यांनी डांबराच्या पिंपावर ठेवून भोवती गोल गोल फिरत दोन वर्षं घासला होता. शेजाऱ्यांचं म्हणणं, मास्तर पिंपाभोवती इतके चालले की तेवढ्यात रामटेकला पायी पंचवीसदा जाऊन आले असते. आणि घरी तर दोन खोल्या, वर पत्रे, त्यावर मागच्या घराचं कडुलिंबाचं झाड. ही गच्ची गेली की आकाश गेलं.

"भैय्याजी, चार वर्षांची मेहनत आहे..."

"तेच म्हणतो न मी! चार वर्षं तुम्ही वर पाहून राहिले, आम्हाले खाली काय दिसलं? बरं, रविवारी मिटिंग आहे. एक फोटो आणा. चंद्राचा नको, चंद्र मले माह्या बाजेवरून दिसते. जे दिसत नाही त्याचा आणा."

"दीर्घिकेचा आणतो," मधुकरराव बोलून गेले. "आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा. कन्या राशीत दोन आहेत, शेजारी शेजारी. पाच कोटी वर्षं लागतात तिथून उजेड यायला."

"पाच कोटी वर्षं नका लावू. रविवार," असं म्हणून भैय्याजी जिना उतरले.

त्या दोन दीर्घिकांच्या मागे मधुकरराव नोव्हेंबरपासूनच होते, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. पहाटे त्या वर यायच्या तेव्हा डिसेंबरात धुकं, असं की मास्तरांना स्वतःचे गुडघे दिसेनात. जानेवारी ढगांनी खाल्ला. फेब्रुवारीत आकाश उघडलं, तर शाळेमागच्या मैदानात लग्नांचे मांडव पडले, आणि एका वरातीचे गॅसबत्तीवाले बरोबर कॅमेऱ्यासमोर तासभर नाचले. उरलेल्या रात्री धूळ. चार वर्षांत एक फिल्म धड आली नव्हती, आणि आता हातात चार दिवस.

बुधवारी ढग होते. गुरुवारी दुपारी काटोलच्या बाजूने काळं उठलं आणि चार वाजता गारा सुरू झाल्या. साध्या गारा नव्हेत. संत्र्याएवढ्या. एका हलवायाच्या पत्र्यातून एक गार आत गेली आणि थेट जिलेबीच्या कढईत पडली. कढई एवढी उसळली की समोरच्या भिंतीवर जिलेबी चिकटली, आणि ती सरळ आली म्हणून लोक पाहायला जमले. कौलं फुटली, तारा तुटल्या, कुठलंसं डीपी भडाडलं आणि सगळ्या शहराची लाइन गेली.

साडेसातला मधुकरराव गच्चीवर गेले ते गच्चीला निरोप द्यायलाच. वर पाहिलं आणि तोंड उघडंच राहिलं.

आकाश धुऊन पुसून ठेवलं होतं. अमावास्या दोन दिवसांवर, खाली सगळं नागपूर काळं ठिक्कर, आणि वर इतके तारे की ओळखीचे कोणते ते मास्तरांना सापडेनात. जन्मापासून ज्या शहरात राहिले त्याच्यावर हे एवढं आहे हे त्यांना त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. ते मटकन खाली बसले आणि लगेच उठले, कारण बसले ते गारांवर.

मग डोकं चाललं. गारांआधी जिन्याखाली नेलेली दुर्बीण त्यांनी पुन्हा खांबावर चढवली. फिल्म थंड असली की मंद उजेड जास्त पिते, हे त्यांनी वाचलं होतं. बर्फ आणायचा कुठून हा आजवर प्रश्न होता. आता गच्चीभर बर्फ! त्यांनी घमेलं भरून गारा गोळा केल्या, घरून मीठ आणलं, आणि कुल्फीवाल्यासारखं मीठगारांचं मिश्रण फिल्मच्या डब्याभोवती ठासलं. कॅमेरा म्हणजे कामठीच्या भंगारात मिळालेलं एक जुनं लष्करी भिंग, दुर्बिणीच्या पाठीवर बांधलेलं. दुर्बिणीत एक तारा दोन केसांच्या फुलीवर धरायचा आणि आकाश सरकेल तसं हाताने चाक फिरवत राहायचं. तारा फुलीवरून हलला की फोटो गेला.

मधुकररावांनी साडेदहापासून पावणेबारापर्यंत चाक फिरवलं. सव्वा तास पापणी हलवली नाही असं ते सांगत, आणि त्यावर विश्वास न ठेवणाऱ्याने तेवढा वेळ गारठ्यात डोळा उघडा ठेवून पाहावा.

शुक्रवारी सकाळी ते इतवारीत ओमप्रकाशच्या फोटो स्टुडिओत गेले. ओमप्रकाश त्यांना आपली अंधारी खोली वापरू देई. फिल्म धुतली, लाल दिव्यापुढे धरली. काचेसारख्या स्वच्छ फिल्मवर शेकडो काळे ठिपके, टाचणीच्या टोकासारखे. निगेटिव्हमध्ये तारा काळाच दिसतो. एकही लांबट नव्हता, म्हणजे तारा फुलीवरून हलला नव्हता!  दीर्घिका शोधायला वेळ नव्हता, पावणेअकराची घंटा गाठायची होती. त्यांनी ओली निगेटिव्ह दोरीला चिमटा लावून टांगली आणि सायकलवर उडी मारली.

खोलीत दोऱ्या दोन होत्या. डावीवर सुकायला टांगलेलं. उजवीवर रंभाबाईकडे जायचं. आनंदाने वेडा झालेला माणूस डावं उजवं पाहत नाही.

रंभाबाई म्हणजे त्या स्टुडिओचा रिटचिंगचा हात. साठी ओलांडलेली बाई, नाकावर चष्मा, बोटांत सुईएवढी सुरी. निगेटिव्हवरचा नको तो काळा ठिपका ती असा खरवडायची आणि उजळ ठिपका पेन्सिलीने असा भरायची की खाली काही होतं हे निगेटिव्हलाही आठवू नये. मुरूम, देवीचे वण, ओठावरची लव, सगळं जायचं. अर्ध्या इतवारीच्या सोयरिकी तिच्या सुरीवर जुळल्या होत्या. एक नवरदेव तर अंतरपाट खाली आल्यावर "ही ती नव्हे" म्हणून मांडवातून पळाला होता, आणि त्याला धरून आणल्यावर कळलं की मुलीकडच्यांनीही त्याच्याबद्दल तेच म्हटलं होतं. उजव्या दोरीवर जे लटकेल ते रंभाबाई उचले. विचारण्याची तिला सवय नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मधुकरराव आले. डावी दोरी रिकामी. उजवी रिकामी.

"ओमप्रकाश, माझी निगेटिव्ह?"

"देखो, रंभाबाईकडे असंन."

रंभाबाईच्या टेबलावर, खालून दिवा लावलेल्या काचेवर, ती होती. मधुकररावांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

ठिपके नव्हते. शेकडो ताऱ्यांपैकी एकही नव्हता. फिल्म या काठापासून त्या काठापर्यंत धुतल्या तांदळासारखी.

"लय घाण होती गा मास्तर," रंभाबाई मान वर न करता म्हणाल्या. "काल दुपारपासून बसली मी. चारशेच्या वर ठिपके काढले. डोळे फुटले माहे. ओमप्रकाशनं नवा काळा मखमलीचा पडदा आणला न, त्याचा फोटो समजली मी. पडद्यावर किती धूळ असावी माणसाच्या!"

मधुकरराव स्टुलावर बसले. 

"रंभाबाई... तो पडदा नव्हता. आकाश होतं."

"कायचं?"

"आकाश. ते तारे होते."

रंभाबाईंच्या हातातली सुरी टेबलावर पडली. ओमप्रकाश दारातच थबकला. तिघंही त्या स्वच्छ फिल्मकडे पाहत राहिले, जसं काही तिथं प्रेत ठेवलं होतं.

"मी तारे खरवडले?" रंभाबाई अखेर पुटपुटल्या. पदर तोंडावर गेला. "अरे देवा. सगळे?"

"सगळे."

"सगळे नाही," त्या एकदम म्हणाल्या. "त्या पुसट डागाइले मी हात नाही लावला."

"कोणते डाग?"

त्यांनी सुरीच्या टोकाने दाखवलं, टेकवलं नाही. एक. त्याच्या शेजारी दुसरा. मधुकररावांनी भिंग डोळ्याला लावलं. त्या दोघी होत्या, कन्या राशीतल्या. पण सुरी थांबली नव्हती. तिसरा. चौथा. एका कमानीत एकामागून एक, मग खाली एक, काठाशी दोन.

"अकरा हायेत," रंभाबाई म्हणाल्या. "मोजले मी."

"हे काहून सोडले तुम्ही?"

"धूळ नाही गा ते. धुळीले कोर असते, टोचते डोळ्याले. हे आतून उमललेले, कडेले विरून गेलेले. मखमलीची घडी पडली की तिथं असा उजेड येते. म्हटलं, हे कपड्याचं अंग हाय, हे नाही काढायचं."

मधुकररावांच्या वहीत त्या भागात दोनच दीर्घिकांची नोंद होती. बाकीच्या नऊ त्यांनी कुठे पाहिल्या नव्हत्या, ऐकल्या नव्हत्या. त्या खऱ्या असतील तर चमत्कार, आणि फिल्मवरचे पाण्याचे डाग असतील तर उद्या गच्चीवर टाकी. नवा फोटो काढायला रात्र उरली नव्हती. बाहेर पुन्हा ढग जमले होते आणि गल्लीतले दिवे आले होते. त्यांनी होती त्याच निगेटिव्हचा मोठा प्रिंट काढला. रात्री झोप आली नाही.

रविवारी दहा वाजता कमिटी जमली. भैय्याजींनी सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कृष्णकांत यांना मुद्दाम बोलावलं होतं, मास्तरांची चोरी पकडायला. कृष्णकांत काखेत ताऱ्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक घेऊन आले होते. मधुकररावांबरोबर ओमप्रकाश आला आणि त्याच्यामागे, कोणी बोलावलं नसताना, रंभाबाई.

प्रिंट टेबलावर आला. काळा कुट्ट कागद, त्यावर पिठाचं बोट लागल्यासारखे अकरा डाग.

"तारे कुठे आहेत?" कृष्णकांतांनी विचारलं.

मधुकररावांना क्षणभर वाटलं, काहीतरी सांगावं. फिल्टर लावला म्हणावं. ते म्हणाले, "खरवडले गेले. चुकून."

टेबलाभोवती हसू फुटलं. भैय्याजी तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "घ्या! तारे खरवडले म्हणते! मास्तर, चंद्र तरी शाबूत आहे न?"

"मी खरवडले," मागून रंभाबाई म्हणाल्या. "त्याइले काहून हसता? मले हसा."

कृष्णकांत हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं, कन्या राशीच्या पानावर पातळ कागद ठेवून दीर्घिकांच्या खुणा पेन्सिलीने उतरवल्या आणि तो कागद प्रिंटवर सरकवू लागले. माप सारखं नव्हतं. ते मोजपट्टी मागवून पुन्हा बसले, नव्या मापाने दुसरा कागद केला. पाऊण तास गेला. चहा आला आणि गार झाला. मधुकरराव खुर्चीची कड धरून बसले होते.

कृष्णकांतांनी दुसरा कागद ठेवला. हलवला. आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"एक, दोन," ते म्हणाले. त्यांनी मोजपट्टी पुन्हा लावली. "तीन. चार, पाच, सहा..." मोजणी अकरावर थांबली. "सगळ्या आहेत. एकही जागा सोडून नाही."

"म्हणजे मास्तरांनी पुस्तकात पाहून रंगवल्या," भैय्याजी म्हणाले, पण जोर नव्हता. "ड्रॉइंग मास्तरच आहे तो."

"हे पुस्तक नागपुरात एकच आहे, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असते." कृष्णकांतांनी मागे वळून पाहिलं. "मास्तरांना दोनच माहीत होत्या. या बाईंना एकही नाही. चारशे ताऱ्यांतून अकरा दीर्घिका वेगळ्या कोणी काढल्या मग? आमच्याकडे हे काम करायला लोक भिंग घेऊन महिनाभर बसतात, तरी चुकतात. बाई, एकही चूक नाही तुमची."

  रंभाबाईंनाच सगळ्यांत जास्त धक्का बसला होता, त्या भिंतीला टेकल्या आणि हळू आवाजात मधुकररावांना म्हणाल्या, "मग जे खरवडले ते कोण होते गा?"

"आपल्या जवळचे तारे. आपल्याच आकाशगंगेतले."

"अन् हे?"

"हे पाच कोटी वर्षांच्या वाटेवरचे."

"बाई वं," रंभाबाई म्हणाल्या. "शेजारी हाकलले अन् पाहुणे ठेवले."

भैय्याजी उठले. इतक्या वेळात पहिल्यांदा ते प्रिंटवर पूर्ण वाकले. तोंड उघडं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.  मग प्रत्येक माणूस करतो तेच त्यांनी केलं: तर्जनीचं नख पुढे करून, हे खरंच आहे की वरून लावलेलं ते पाहायला, पाचव्या डागाकडे नेलं.

रंभाबाईंनी फाडकन त्यांच्या मनगटावर चापट मारली. सेक्रेटरीच्या. भर कमिटीत.

"बोट काढा! पाचवा कोवळा हाय, जाईन तो!"

 भैय्याजींनी हात मागे घेतला, तो दुसऱ्या हातात धरला, आणि लहान मुलासारखं विचारलं, "जाते का खरंच?"

"जाते. मी चारशे घालवले न."

भैय्याजी खाली बसले. रजिस्टर पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मग कोणाला न विचारता लिहायला लागले. टाकी मुतारीच्या छपरावर बांधावी, असं त्यांनी लिहिलं, आणि वाचून दाखवताना त्यांची नजर प्रिंटवरून काही हलली नाही.