उष्टा धोटा

मी धोटा बोलतोय. लोअर परळच्या गिरणीतला, साचेखात्यातला. ऐकायचं तर ऐका, पण आज गोड बोलायची माझी तयारी नाही.

अंग कठीण लाकडाचं, दोन्ही टोकांना पोलाद. माझ्या पोटात सुताची कांडी घालतात आणि साच्यावर, म्हणजे मागावर, इकडून तिकडे भिरकावतात, तेव्हा तुमचं कापड विणलं जातं. कांडी बदलली की कुशीतल्या बारीक भोकातून सुताचं टोक बाहेर काढायचं. कसं? भोकाला ओठ लावून, श्वास आत ओढून. दिवसपाळीचा विणकर ओढणार, त्याच ओल्या जागेवर रातपाळीचा ओढणार. एकाचा खोकला माझ्यातून दुसऱ्याच्या छातीत जायचा, आणि मला ओरडायची सोय नव्हती.

कोंडीराम सूतखात्यात होता. गावाने वेशीबाहेर ठेवलेल्या वस्तीतला माणूस. त्याला विणकर व्हायचं होतं, बस्स, एवढंच मागणं. पण आमचा मुकादम गणपत त्याला दारातच अडवायचा. म्हणायचा, धोट्याला सगळ्यांची तोंडं लागतात, तू शिवलास तर आम्ही बाटू. वा रे वा! क्षयाची थुंकी चालते, कोंडीरामचं बोट चालत नाही! आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात याच दोघांनी एका फलकाचे दोन बांबू धरले होते. तिथे बरा चालला तो शेजारी.

मग धोंडू विणकर साच्यावरच रक्त ओकला. त्याला इस्पितळात नेलं आणि गिरगावच्या राजलक्ष्मीबाई आल्या. क्षयाविरुद्ध प्रचार करणं हे त्यांचं काम. त्यांनी फाटकावर फुप्फुसांची चित्रं लावली, खाली लिहिलं, सूत तोंडाने ओढू नका, तारेच्या आकडीने काढा. विणकर हसले. आकडी म्हणे शिकाऊ लोकांनी वापरावी. कुणीतरी फुप्फुसांना मिशासुद्धा काढल्या. मेले नाहीत अजून म्हणून विनोद सुचत होते.

बाई चिवट. मला मागून घेतलं आणि लालबागला सुंदराबाईंच्या खानावळीत आल्या. आमचे विणकर तिथेच जेवायचे. राजलक्ष्मीबाईंनी एकाला पेल्यातलं घोटभर पाणी प्यायला लावलं आणि तोच पेला गणपतपुढे सरकवला.

"मी कुणाचं उष्टं पीत नाय," गणपत म्हणाला.

बाईंनी मला पेल्याशेजारी ठेवलं. "मग रोज हे कुणाचं ओढता?"

पंगतीतल्या विणकरांनी ताटं बाजूला सारली. सुंदराबाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, धोट्याला तोंड लावणाऱ्याला माझ्या पंगतीत पाट मिळणार नाही. राजलक्ष्मीबाईंनी खात्याच्या भिंतीवर नवे फलक लावले, 'कुणाचं उष्टं ओढताय?' मरणाची भीती दाखवून जे झालं नव्हतं, ते किळसेने झालं. आठवड्याभरात सगळ्यांच्या हातात आकड्या आल्या.

त्या आकड्या कोंडीरामने केल्या होत्या. करी रोडच्या चाळीत, गॅलरीत बसून, मोडक्या छत्र्यांच्या काड्या वाकवून. राजलक्ष्मीबाईंना त्याने बजावलं होतं, माझं नाव सांगू नका, घेणार नाहीत. त्याचा हिशेब सरळ होता. धोट्याला तोंड लावणं सुटलं की बाटायचं कारण सुटलं, मग साचा मिळेल.

धोंडू इस्पितळातून परतला नाही. त्याचा साचा रिकामा झाला. महाराष्ट्र राज्य झालं, फाटकाला तोरण लागलं, पेढे वाटले, आणि त्याच दिवशी कोंडीराम आमच्या खात्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"मुकादम, आता धोट्याला तोंड लागत नाही. धोंडूचा साचा मला द्या."

गणपत आकडीने माझ्या भोकातून सूत काढत होता. "तोंड नाय, पण हात लागणार ना तुझा?"

"तुमच्या हातातली आकडीसुद्धा मीच वाकवलीय," कोंडीराम शांतपणे म्हणाला.

गणपतने आकडीकडे पाहिलं. मग ती विस्तव लागल्यासारखी जमिनीवर टाकली, मला तोंडाशी नेलं, ओठ लावले आणि सूत ओढलं. धोंडू ओढायचा तसंच, एका श्वासात. मागोमाग बाकीच्यांच्याही आकड्या खाली पडल्या.

अरे, शरम वाटू द्या! मला हात असते तर एकेकाच्या थोबाडीत दिली असती. फलक अजून भिंतीवर आहे, आणि त्याच्याखाली उभे राहून ते मला तोंड लावतात. आता गणपत खोकतोय.

कोंडीरामने ती आकडी उचलली, सदऱ्याला पुसली, खिशात घातली आणि तो सूतखात्यात परत गेला. माझं म्हणणं एवढंच आहे, मला एकदा त्याच्या हातात द्या. लाकूड आहे मी. मी बाटत नाही.