तो कूलर मी नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, तो कूलर मी नव्हतो.

माझा जन्म सक्करदऱ्यातल्या एका छोट्या दुकानात झाला. पत्रा कापला, ठोकला, निळा रंग दिला आणि प्रीतमने मला घरी आणून खिडकीत बसवलं. नागपूरच्या मे महिन्यात माझं कोण कौतुक! वाळ्याचा वास सुटला की शेजारचे आनंदरावही माझ्यासमोर पाय पसरून बसत.

फक्त प्रीतमची बायको मेघा माझ्याकडे दुश्मनासारखी पाहायची. दिवसातून दहादा प्लग तपासायची. पाच वर्षांची खुशी खिडकीकडे वळली, की मेघाच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. भिवापूरला, तिच्या माहेरी, तिचा धाकटा भाऊ प्रशिक ओल्या हाताने चालू कूलरला चिकटला आणि गेला. मेघा तेव्हा आठ वर्षांची होती. "कुठं होतं तुयं लक्ष?" असं तिच्या आईने, कांताबाईने, विचारलं. तो प्रश्न पोरीच्या अंगात शिरला तो शिरलाच.

परवा खुशीचा चेंडू माझ्याखाली गेला. मी बंद होतो, प्लगही काढलेला. पोरीने हात घातला मात्र, मेघाने धावत येऊन तिच्या थोबाडीत दिली.

"कुठं हाय तुयं लक्ष?"

खुशी रडली नाही. कोपऱ्यात जाऊन तिने बाहुली मांडीवर घेतली, तिच्या गालावर चापट मारली आणि म्हणाली, "कुठं हाय तुयं लक्ष?" अगदी त्याच सुरात.

मेघा तिच्याजवळ जाऊन बसली. मी पत्र्याचा, तरी मला कसंसंच झालं.

"काहून मारलं वं तिले?" मेघाने हळूच विचारलं.

"वाईट हाय ते. म्हणून मार खाते."

"नाही वं माय. तिच्या आईले भेव लागते. भेवली का तिचा हात उठते. पोरीची काहीच चूक नाही."

मग मेघाने तिला प्रशिकची गोष्ट सांगितली. घरात आजवर कुणी ती काढत नसे.

"मग तू काय करून राहिली होती?" खुशीने विचारलं.

मेघाने बाहुलीच्या गालावरून हात फिरवला.

"मी लहान होती," ती म्हणाली, आणि मग ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी प्लग काढून दोघींनी माझ्यात पाणी भरलं. मेघाने प्लग पुन्हा एकदा पाहून घेतला, पण पाइप खुशीकडेच होता.

मित्रांनो, पाणी भरण्याआधी कूलरचा प्लग काढत जा. आणि घरातलं मोठं माणूस उगाच भडकलं, तर आपणच वाईट आहोत असं मनात धरून बसू नका. मेघा बसली होती, बावीस वर्षं.