आपल्या हाताची पेज, दुसऱ्याच्या हाताची छडी

मी एक जुनी बांबूची छडी आहे. मित्रांनो, लू राज्यातल्या पिंगछ्यू गावच्या कचेरीत मी अकरा वर्षे काढली. नदीकाठच्या बांबूच्या बेटातून मला तोडले, विस्तवावर शेकून सरळ केले, माझ्या गाठी तासल्या. कचेरीत सगळे मला घाबरत. मला त्याचा गर्वही होता, खोटे कशाला बोलू?

माझे मालक होते तिथले अधिकारी मंग-शू. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. सरकारी कोठार राळ्याच्या धान्याने भरलेले, पण मोहोरबंद. साहेब मात्र दर बाजाराला वेशीवर उभे राहून स्वतःच्या हाताने पेज वाढत. बारा वाट्या. तेराव्या माणसाकडे ते डोळे पुसत पाहत. लोक ‘दयाळू, दयाळू’ म्हणत आणि साहेबांची मान डुले. मला त्या मानेची किळस येई.

एके बाजाराच्या दिवशी छिन नावाच्या विधवेला धरून आणले. राजाच्या शिकारीच्या रानातून तिने कंद खणले होते.

“तीस छड्या,” साहेब म्हणाले. “पण मी काही निर्दय नाही. वीसच मारा. नंतर तिला वाटीभर पेज द्या.”

“पेज आधी दिली असतीत तर मी खणायला कशाला गेले असते?” छिन म्हणाली. “आणि त्या रानात जायचं नाही, हे मला सांगितलं कुणी?”

“हुकूम आहे तसा. पेटीत ठेवलाय.”

“मग पेटीलाच मारा की!” दारातून आवाज आला. ते दुआन गुरुजी होते. सत्तरीचे. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्याकडे शिकलेल्या. “साहेब, आधी सांगायचं, मग पोसायचं, आणि तरीही चुकलं तर रागवायचं. तुम्ही उलट्या टोकानं सुरुवात केलीत.”

“सांगायचं, शिकवायचं काम तुमचं ना?” साहेब खवळले.

“माझंच. मग आधी मला मारा.” गुरुजी चटईवर पालथे पडले.

सगळ्यांना वाटले, आता साहेब लाजतील. साहेब म्हणाले, “मारा.”

छडी मारणारा शिपाई कू हा गुरुजींचाच शिष्य. “गुरुजी, उठा ना हो,” तो रडत म्हणाला. गुरुजी उठले नाहीत. त्या म्हाताऱ्या पाठीवर मी नऊ वेळा पडले. नवव्या वळातून रक्त आले, तेव्हा माझा गर्व संपला.

कूने मला साहेबांपुढे धरले. “उरलेल्या तुम्ही मारा. पेज स्वतः वाढता ना?”

साहेबांनी मला पहिल्यांदाच हातात घेतले. तो हात मऊ होता. त्यांनी एकदा गुरुजींच्या पाठीकडे पाहिले. त्यांनी मला टाकून दिले. “जा, सगळ्यांना माफ केलं!”

या वेळी ‘दयाळू’ कुणीच म्हटले नाही.

“कोठाराची मोहोर तुम्ही तोडताय की आम्ही तोडू?” छिनने विचारले. एव्हाना दारात जमलेला सारा बाजार तिच्यामागे उभा होता. साहेबांनी मोहोर तोडली. पुढच्या बाजारी हाच निर्लज्ज माणूस सांगत होता, “माझ्याच्यानं लोकांचे हाल बघवेनात!”

मित्रांनो, कूने मला उचलून गुरुजींच्या कुंपणात खोचले. तिथून मला त्यांची शाळा दिसे. पाठीच्या जखमांमुळे त्या हिवाळ्यात त्यांना बसता येत नव्हते. ते पालथे पडूनच शिकवत, आणि त्यांचा चेहरा दिसावा म्हणून मुलेही समोर पालथी पडून धडे म्हणत.

मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. त्या मुलांना जपा.