पाचवा पेला

आनंदराज गुरुजींनी पाचवा पेला चौथ्यावर पालथा ठेवला, श्वास रोखून हात काढून घेतला आणि उकिडवे बसूनच दोन पावलं मागे सरकले. पेले उभे राहिले. सगळ्यात मोठा खाली, सगळ्यात लहान वर, आणि पाचांवर कोरलेली नावं एका रेषेत दाराकडे तोंड करून. पेले पालथे असल्यामुळे नावं वाचायला मान वाकडी करावी लागे, पण ती रेष चुकलेली त्यांना चालत नसे.

"झालं," ते म्हणाले. "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. जमीन हलली तरच पडाया पाहिजे."

कुणी लावतच नव्हतं. जानेवारीत ही उतरंड मांजरामुळे एकदा, उंदरामुळे दोनदा आणि कंधारच्या अफसानाच्या ओढणीमुळे एकदा पडली होती. चारही वेळा घरातल्या सात मुली डोक्यावर उशा धरून थंडीत अंगणात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. चौथ्या वेळेला अफसानाने उशीबरोबर रसायनशास्त्राची वहीही नेली आणि अंगणातल्या दिव्याखाली दोन पानं पाठ करून घेतली.

लातुरातलं हे घर फरीदा खालांचं. बारावी सायन्सला बाहेरगावाहून आलेल्या मुली त्यांच्याकडे राहत आणि जेवत. भूकंपाला साडेचार महिने झाले होते, परीक्षेला तीन आठवडे उरले होते. ह्या दोन्हींपैकी शहराला जास्त धास्ती कशाची, हे सांगणं अवघड होतं. पहाटे पाचला सायकलींच्या झुंडी क्लासकडे निघत, आणि ज्यांना निघायचं नसे तेही घराबाहेर बाजेवरच झोपलेले असत.

गुरुजींची मनिषा शिरूर अनंतपाळहून आलेली. गुरुजी तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. भूकंपाच्या दिवशी ते मदतीला म्हणून किल्लारीच्या बाजूला गेले आणि तीन दिवसांनी परत आले. त्या तीन दिवसांबद्दल ते घरात काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते छताखाली झोपले नाहीत, आणि बसले की त्यांचा उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत राही.

दर रविवारी ते लातूरला येत आणि घर तपासत. पत्र्यांवर ठेवलेले दगड त्यांनीच काढायला लावले होते. वाऱ्याने पत्रे उडाले तर काय करायचं, असं खालांनी विचारलं, तेव्हा पुढच्या रविवारी ते वाळूची आठ पोती हातगाड्यावर घालून स्वतः ढकलत आले. त्यानंतर खालांनी त्यांना काही विचारायचं सोडून दिलं.

पेल्यांवर त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. खरा विश्वास रातकिड्यावर होता. भूकंपाच्या आधी रातकिडे एकदम गप्प झाले होते, असं त्यांना तिकडच्या कुणीतरी सांगितलं होतं. खालांच्या घरात कोपऱ्यातल्या पाण्याच्या रांजणामागे एक रातकिडा होता. तिथल्या ओलसर अंधारात तो दिवसाही ओरडे. गुरुजींनी नियम घातला होता: किडा ओरडतोय तोवर अभ्यास करायचा, किडा थांबला की बाहेर पळायचं.

नियमात एकच अडचण होती. कुणी पाणी प्यायला उठलं की किडा थांबे.

मनिषाला ह्याचं कारण क्लासमध्ये कळलं. जीवशास्त्राच्या सरांनी शिकवता शिकवता सांगितलं, की रातकिड्याचे कान डोक्यावर नसतात, पुढच्या पायांवर असतात, गुडघ्याच्या जरा खाली; आणि त्याच पायांनी त्याला जमिनीचा थरथराटही कळतो. मग सर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही. दोनशे मुलांनी पेनं खाली ठेवली. मनिषाने लिहून घेतलं. मग तीन दिवस तिने रांजणापासून किती फरश्यांवर पाय टेकला की किडा थांबतो, ते मोजलं. अनवाणी पावलाला सहा, चपलेला नऊ, खालांना अकरा. खालांचा आकडा तिने कुणाला दाखवला नाही.

आज गुरुजी आले ते रिकामी नायलॉनची पिशवी घेऊन. गुरुवारी पहाटे एक धक्का बसला होता. लातुरात तो निम्म्या लोकांना जाणवला, निम्म्यांना नाही. शिरूरला गुरुजींनी घरी रचलेले पेले पडले होते.

"पुस्तकं भर," ते म्हणाले. "साडेसहाची गाडी हाय. तीन आठवडे घरी अंगणात बसून अभ्यास कर."

मनिषाने सराव परीक्षांचं वेळापत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. शेवटच्या तीन आठवड्यांत नऊ पेपर होते. ह्या नऊ पेपरांसाठीच मुलं वर्षभर लातुरात राहत. मेडिकलला एकेका मार्कावर जागा जाते, हे गुरुजींनाही माहीत होतं. शिरूरमध्ये दहा जणांना त्यांनीच ते समजावलं होतं. त्यांनी वेळापत्रक वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि ते परत केलं. मग ते उठून खोलीत येरझारा घालू लागले. रांजणापर्यंत जायचं, कान द्यायचा, परत यायचं.

"बघ," ते म्हणाले. "मी आल्यापासून एकदा तरी वरडला का?"

"बाबा, तो तुमच्या पायांमुळे गप्प आहे."

तिने फरश्यांचा हिशोब सांगितला. पायावरचे कान सांगितले. अफसानाला चालून दाखवायला सांगितलं. गुरुजींना दारात उभं करून किडा सुरू होईपर्यंत थांबवलं, मग अफसाना अनवाणी आली आणि बरोबर सहाव्या फरशीवर किडा गप्प झाला. अफसानाने परीक्षकाकडे बघावं तसं गुरुजींकडे बघितलं.

गुरुजी सहावी फरशी निरखत राहिले. मनिषाला वाटलं, पटलं.

"म्हणजे एवढ्याशा पोरीचं पाऊल त्याला सहा फरशांवरून कळतंय," ते म्हणाले. "मग भूकंप कळायचा न्हाई का?"

अफसाना खाली बघून हसू लागली. वडिलांच्या म्हणण्यात मनिषाला चूक काढता येईना.

"मग असं करा," ती शेवटी म्हणाली. "कुणीच हलायचं नाही. पाऊण तास. कुणाच्या पायानं थांबला तर तो धरायचा नाही. पण कुणी हललं नसताना थांबला, तर मी स्वतः पिशवी भरते."

गुरुजींनी विचार केला. शाळेत मुलांना प्रयोग करून बघा म्हणून सांगण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती.

"साडेपाचपर्यंत," ते म्हणाले.

खालांना स्वयंपाकघरातून न हलण्याची ताकीद मिळाली. त्या आतूनच म्हणाल्या, "बरं बाबा. माझ्याच घरात मीच पुतळा हून बसते." बाकीच्या पाच मुली बाहेर गेल्या होत्या. अफसाना ट्रंकेवर पाय वर घेऊन बसली. गुरुजी खुर्चीत बसले. मनिषा समोरच्या कॉटवर.

पाच मिनिटं गेली. किडा गप्पच. गुरुजींचा उजवा पाय हलत होता. खुर्चीचा एक पाय आखूड होता, तो फरशीवर बारीक टकटक करत होता. गुरुजी स्वतः मान तिरपी करून रांजणाकडे कान लावून बसले होते. त्या टकटकीचा त्यांना पत्ता नव्हता. अफसानाने मनिषाकडे पाहून भुवयांनी पाय दाखवला. मनिषाने मान हलवली. वडिलांना पाय हलवू नका म्हणणं तिला जमेना. साडेचार महिने घरात कुणालाच जमलं नव्हतं.

ती उठली, आपली वाकळ घडी करून कॉटवर घातली आणि म्हणाली, "बाबा, इथं मांडी घालून बसा. खुर्चीपेक्षा इथं जास्त ऐकू येतं."

शेवटचं वाक्य तिने तपासून बघितलेलं नव्हतं. गुरुजी आज्ञाधारकपणे कॉटवर चढले आणि त्यांनी मांडी घातली. मनिषा पाय वर घेऊन खुर्चीत बसली. आता खोलीत जमिनीला कुणाचाच पाय लागत नव्हता.

थोड्या वेळाने रांजणामागे एकदा बारीक आवाज झाला, चावी फिरवून बघितल्यासारखा. मग पुन्हा. मग किडा सुरू झाला आणि सुरूच राहिला.

गुरुजींनी मनिषाकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दोन मिनिटं. किडा एका सुरात ओरडत होता. मांडीमुळे गुरुजींचा पाय हलू शकत नव्हता, आणि पाय हलत नव्हता म्हणून की काय, बाकीचं शरीरही हळूहळू सैल पडत गेलं. आधी खांदे खाली आले. मग पाठ भिंतीला टेकली. सव्वापाचला मान छातीवर आली आणि पाच वाजून अठरा मिनिटांनी गुरुजी घोरू लागले.

अफसानाने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि मनिषाकडे धरलं. 'छताखाली!' असं लिहिलेलं होतं.

मनिषाने ओठांवर बोट ठेवलं. आता किडा थांबून चालणार नव्हता. पैजेसाठी नव्हे, तो थांबला तर हा माणूस उठेल, एवढंच तिच्या मनात होतं. बाहेरून रिक्षा गेली तेव्हा तिने आणि अफसानाने एकदमच श्वास रोखला. किडा थांबला नाही.

खालांचं स्वयंपाकघरातलं घड्याळ मुलींना क्लासला उशीर होऊ नये म्हणून दहा मिनिटं पुढे लावलेलं असे. त्यामुळे साडेपाच वाजले असं समजून त्या पाच वीसलाच चहाचा ट्रे घेऊन निघाल्या. दारात आल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकायला उचलला आणि त्यांना घोरणं ऐकू आलं. मनिषाने दोन्ही हात पुढे करून त्यांना थोपवलं.

खाला थांबल्या. पाय हवेतच होता. हातात तीन कप. मनिषाने घड्याळाकडे बोट दाखवलं, मग वडिलांकडे, मग रांजणाकडे. खालांनी सगळं समजल्यासारखी मान डोलावली, आणि त्या एका पायावर उभ्या राहिल्या. त्यांचं वय अठ्ठावन्न होतं आणि गुडघा दुखरा होता. अर्ध्या मिनिटाने कप बशांवर किणकिणू लागले. खालांचे ओठ हलत होते. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, आणि ती प्रार्थना नसावी.

मग त्यांचा पाय खाली आला.

किडा थांबला. आणि त्याच क्षणी, की जरासा नंतर, जमिनीखालून एक लांबलचक मालगाडी जावी तसा आवाज आला, कॉट थरथरली, पेले किणकिणले, आणि वरचे दोन पेले फरशीवर पडून खणखणत दाराकडे गेले.

अफसाना कधी बाहेर गेली ते दिसलंच नाही. मनिषा उडी मारून वडिलांपाशी पोचली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात सगळं संपलंही होतं. ज्या आवाजासाठी गुरुजी साडेचार महिने जागे राहिले होते, तो आवाज होऊन गेला होता. ते मांडी सोडून वाकळेवर कुशीला कलंडले आणि पुन्हा घोरू लागले.

"या अल्ला," खाला हळूच म्हणाल्या. "मी तर नुस्ता पाय ठेवला."

अफसाना उशी घेऊन परत आली. मनिषा रांजणाकडे बघत होती. किडा आधी थांबला की हादरा आधी आला? आणि थांबला तो कशामुळे, अकराव्या फरशीवर पडलेल्या खालांच्या पायामुळे, की त्याला खालून येणारं काही आधी कळलं? दोन कारणं एकाच वेळी घडली होती. असा प्रयोग बाद धरावा लागतो. शिवाय ती घड्याळाकडे बघत नव्हती, खालांच्या पायाकडे बघत होती.

खालांनी ट्रे खाली ठेवला, दोन्ही पेले उचलले, पदराने पुसले आणि जागेवर पालथे घातले.

सहाला पाच कमी असताना रांजणामागून पुन्हा आवाज सुरू झाला, आणि त्याने गुरुजींना जाग आली. ते दचकून बसले. वर पत्र्याकडे पाहिलं. आपण कुठे आहोत हे आठवायला त्यांना वेळ लागला.

"मी झोपलो व्हतो?"

"हो."

"इथं?"

"हो, बाबा."

त्यांनी हाताने वाकळ चाचपून पाहिली. मग मनिषाकडे वळले. "मधी थांबला का? खरं सांग."

मनिषा खोटं बोलत नसे. ते तिच्या वडिलांनीच शिकवलं होतं.

"एकदा," ती म्हणाली. "खालांनी पाय ठेवला तेव्हा."

"माझी चूक झाली, गुरुजी," खाला लगेच म्हणाल्या. अफसाना ट्रंकेवर बसून जीवशास्त्राचं पुस्तक वाचू लागली. ते उलटं होतं.

गुरुजी कॉटवरून उतरले आणि पेल्यांपाशी जाऊन उकिडवे बसले. तीन नावं दाराकडे होती. चौथं खिडकीकडे होतं आणि पाचवं भिंतीकडे. त्यांनी त्या दोन पेल्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा पाय हलत नव्हता.

मग त्यांनी पाचवा पेला उचलला आणि सरळ धरला. त्यावर 'चि. मनिषा, नामकरण, १९७६' असं कोरलेलं होतं. त्यांनी तो रुमालाने आतून पुसला आणि खालांपुढे केला.

"चहा ह्याच्यात द्या," ते म्हणाले.

चहा गार झाला होता. खाला गरम करून आणते म्हणाल्या, तर ते नको म्हणाले आणि उभ्या उभ्या प्याले. मग पेला विसळून त्यांनी मनिषाच्या पुस्तकांशेजारी सरळ ठेवला, नाव तिच्याकडे करून. पिशवीची घडी केली, आणखी बारीक केली आणि खिशात घातली.

"नऊ पेपर हायत ना?"

"नऊ."

ते दाराकडे निघाले. चपला हातात घेऊन रांजणाच्या बाजूने ते टाचा उचलून चालू लागले. तरी सहाव्या फरशीवर किडा थांबला.

"मीच हाय," गुरुजी रांजणाकडे बघून म्हणाले, आणि त्यांनी उंबरा ओलांडला.