थुंकलेले औषध

मेंढीची खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली की आतली ओली त्वचा दिसते. ती लाल असेल तर अंगात रक्त पुरेसे आहे. पांढरी असेल तर जठरात वस्ती केलेल्या जंतांनी ते पिऊन टाकले आहे. मधल्या छटा वाचायला सकाळचा मवाळ उजेड लागतो. तो उजेड धरून मुलगी मेंढवाड्याच्या फाटकाशी उभी राही आणि बाप एकेक मेंढी पुढे करी.

परजीवी जिवांचा अभ्यास करून ती घरी परतली, कारण बापाचे औषध चालेनासे झाले होते. वर्षानुवर्षे त्याचा एकच नेम होता: सगळ्या कळपाला औषध पाजायचे आणि लगेच कळप नव्या, स्वच्छ कुरणात हलवायचा. नेम नीटनेटका होता आणि खोट त्या नीटनेटकेपणातच होती. औषधातून जे मूठभर चिवट जंत वाचत, त्यांचीच अंडी लेंड्यांवाटे नव्या गवतात उतरत. तिथे त्यांना ना शेजार, ना स्पर्धा. होती ती सारी त्यांचीच प्रजा. बाप जिला स्वच्छता समजत होता, ती चिवटांचीच निवड होती.

आता एकच नवे औषध लागू पडत होते. ते निकामी झाले की कळप गेला.

"पापणी पांढरी असेल तिलाच पाजायचं," मुलीने बजावले होते. "लाल पापणीवाल्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या पोटातल्या बहुतेक जंतांना औषध लागू पडतं. ते गवतात उरले तर चिवटांशी त्यांचा संकर होत राहील, चिवटपणा पातळ होईल."

"म्हणजे आजवर मेंढ्या पाळल्या, आता जंत पाळायचे?"

"थोडे पाळायचे, बाबा."

"मग त्यांचं बारसंही उरकून टाकू."

तो हसला होता. कबूलही झाला होता.

पुढे ओढ्यापलीकडच्या कुरणात कळप हलवला गेला. ते फार काळ पडीक होते, म्हणून जंतांपासून कोरे होते. काही दिवसांनी मुलीने लेंड्या गोळा केल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला.

"जेवायच्या टेबलावर लेंड्या?" आई म्हणाली.

"नंतर उकळत्या पाण्यानं धुते गं."

"टेबल धुशील. माझ्या डोक्यातून कशा काढशील?"

मुलीने काच भिंगाखाली सरकवली. लाल पापणीच्या मेंढ्यांच्या नमुन्यांत अंडी असायलाच हवी होती. काच मात्र निर्मळ होती, रिकाम्या आभाळासारखी. कुठे एखादे अंडे, औषधाला पुरून उरलेल्या एखाद्या मादीचे. तिने मान वर केली. बाप दारात बूट काढत होता, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

"सगळ्यांना पाजलंत ना?"

तो खाली बसला. "एकीच्या तोंडात पिचकारी घालायची आणि शेजारची मान वर करून बघत उभी. मला नाही जमलं ते."

"त्या बऱ्या होत्या, बाबा."

"म्हणून तर. बऱ्याच राहाव्यात."

"एकाला खोकला झाला की या घरात गोळ्या सगळ्यांना," आई म्हणाली. "तू हे विसरलीस, ती तुझी चूक."

शेवटच्या नमुन्यात मात्र अंडीच अंडी होती. तो नमुना कानतुटीचा होता. आई मेल्यावर बाटलीच्या दुधावर वाढलेली ही मेंढी औषध गिळत नसे; गालात धरून ठेवी आणि कोपऱ्यात जाऊन थुंकून टाकी. तिचे तोंड वर धरून थांबावे लागे. चोरून, घाईघाईने उरकलेल्या कामात बापाला तेवढी उसंत मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला फाटकाशी आणले. पापणी लाल नव्हती, पांढरीही नव्हती. ओसरत्या संध्याकाळसारखी फिकट गुलाबी होती. बापाच्या हातात पिचकारी भरलेली होती.

"नको," मुलगी म्हणाली. "औषधाने मरणारे जुने जंत आता हिच्याच पोटात उरलेत. हिला पाजलं तर त्या कुरणात चिवटांशिवाय कुणी राहणार नाही. हिला सगळ्यांबरोबर चरू द्या."

"आणि ही? ही राहील?"

"माहीत नाही."

"हिला मी मांडीवर घेऊन दूध पाजलंय."

"झोपायची माझ्याच खोलीत," मुलगी म्हणाली.

बापाने पिचकारीकडे पाहिले. मग वर्षानुवर्षांचा नेम मोडावा तसा तिचा दट्ट्या त्याने सावकाश ओढून काढला, औषध बाटलीत परत ओतले आणि पिचकारी खिळ्याला टांगली.

तेव्हापासून कानतुटीची पापणी तोच पाही. पांढरी दिसली की औषध, एवढे दोघांत ठरले होते. पिचकारी मुलीच्या कोटाच्या खिशात, भरलेली असे. एका सकाळी तो बराच वेळ वाकून राहिला.

"पांढरी?"

"गुलाबीच म्हणायची."

मुलगी वाकली. ज्या छटेला तिच्या शास्त्रात नाव नव्हते, अशी ती छटा होती. तिचा हात खिशाकडे गेला. बापाने तो धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून आहे थोडी लाली."

त्याने फाटक उघडले. कानतुटी जराशी अडखळली, मग कळपात शिरली आणि चरत चरत, गवतात लेंड्या टाकत, कुरणाच्या मध्यापर्यंत गेली.