शिशाचे आप्पे

अमेरिकेत अर्विंगला आल्यापासून माझ्या नवऱ्याला, परीक्षितला, रायफल हवी होती, आणि तिच्या गोळ्या घरीच शिसं ओतून करायच्या होत्या. महिनाभर काडतूस ठरेना. शेवटी म्हणाला, "फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीच घेतो. जाडजूड, संथ गोळी. ओतीव शिशाला फार वेग सोसत नाही."

"शिसं वितळवणार कुठे?" दिसेल ते तोंडात घालणारी आमची वैदेही माझ्या कडेवर होती.

"गॅरेजमध्ये. कालच वड्या पाडल्या. मस्त गोल आल्यात."

"गोल? कशात पाडल्यास?"

मी ओट्याखाली पाहिलं. आप्पेपात्र नव्हतं.

"घासून देतो ना."

"ते आता घरात यायचं नाही."

शनिवारी नव्या पात्रात आप्पे केले. वैदेहीने चार खाल्ले. परीक्षितने ताटली पुढे केली.

"तुझे गॅरेजमध्ये आहेत," मी म्हटलं.